सप्ताहाचा काला, तीन हजार पान: कचऱ्याचं नियोजन कसं करावं?

बारवकाठ (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. चैत्रात आमच्या गावी (सोलापूर जिल्हा, नवीनच नगरपंचायत झालेलं गाव) हनुमान जयंतीचा अखंड हरिनाम सप्ताह असतो. आठवडाभर संध्याकाळची पंगत चार-पाचशेची, आणि शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर तीन हजारांच्या घरात पान उठतं. यंदा कमिटीने 'तू पुण्याला असतोस, तुला यातलं कळतं' असं म्हणून कचऱ्याचं खातं माझ्या गळ्यात घातलंय.

सध्याची रीत सांगतो. जेवण झालं की पत्रावळीची घडी घालायची आणि मंदिरामागच्या ओढ्याला नेऊन टाकायची. दुपार कलेपर्यंत तिथे गुडघाभर ढीग: चंदेरी पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे पातळ ग्लास, आणि त्यात आमटी-भात. रात्री कुत्री, सकाळी मोकाट जनावरं. मग दोन दिवसांनी कुणीतरी काडी लावतं. ओला ढीग नीट पेटत नाही, नुसता धुमसतो, आणि तो धूर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जातो. वस्तीतली माणसंही काल्याला जेवायला असतातच, त्यामुळे कुणी बोलत नाही.

कमिटीपुढे सध्या दोन गोष्टी आहेत. एका दात्याने वीस रंगीत डस्टबिन देऊ केलेत (प्रत्येकावर नाव, साहजिकच). आणि तालुक्याच्या एका दुकानदाराने 'पर्यावरणपूरक' पत्रावळ्यांचं कोटेशन दिलंय, नेहमीच्या दुप्पट भावाने. मला दोन्हींतून काही साधेलसं वाटत नाही. पैसे बेताचे, पाणी टँकरचं. कुणी असलं काम केलं असेल तर हात सैल सोडून लिहा.

आचारीबुवा (रविवार, रात्री १०.१५)

डस्टबिन राहू द्या बाजूला. आधी मेनू सांगा.

हे गमतीने म्हणत नाही. लग्नकार्यात आणि भंडाऱ्यात आयुष्य गेलं. पातळ आमटी आली की द्रोण आला. द्रोण आला की तो कलंडतो, म्हणून दुसरा द्रोण. खीर ठेवली की तिसरा. तीन हजार पानांना दोन द्रोण धरले तरी सहा हजार नग झाले, आणि दोनदा पाणी प्यायलं तर ग्लास सहा हजार. पत्रावळ त्या मानाने फक्त तीन हजार! म्हणजे तुमच्या ढिगात पत्रावळ दिसते मोठी, पण नग मोजाल तर पाचातले चार द्रोण आणि ग्लास आहेत. मेनू ठरतो तेव्हाच कचरा ठरतो.

घट्ट पिठलं, सुकी भाजी, भात-वरण दाटसर, बुंदी. एकही द्रोण लागत नाही. ताक हवं असेल तर पंगत उठल्यावर हात धुण्याच्या जागी पेल्यात द्या.

आणि वाढप. वाढप्याच्या हातातलं भाताचं उलथणं मोठं असलं की पहिल्याच फेरीला पान भरतं आणि निम्मं उरतं. उलथणं लहान द्या, फेऱ्या जास्त मारा. लहान मुलांची पंगत वेगळी बसवा, निम्म्याने वाढा. आग्रह करणारे काका प्रत्येक गावात असतात, त्यांना त्या दिवशी कीर्तनकार महाराजांच्या सरबराईला लावा.

भटकी मांजर (रविवार, रात्री १०.३१)

'आग्रही काकांना सरबराईला लावा'... आमच्याकडे असे नऊ काका आहेत, महाराज एकच. :)

वाचतेय. वाचनखूण साठवली.

कलमवाला (सोमवार, सकाळी ८.०५)

नगरपंचायत आहे म्हणता, तर कागदाची बाजू पाहून घ्या. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून शंभरावर माणसांचा कार्यक्रम विनापरवाना जागी घ्यायचा तर निदान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावं लागतं, आणि कचरा जागेवर वेगळा करून गोळा करणाऱ्याच्या हवाली करणं ही आयोजकाची जबाबदारी ठरते. आपल्याकडे शंभरात तर साखरपुडासुद्धा बसतो, पण कळवतो कोण!

राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च 2018 ची, अंमल जूनपासून. प्लास्टिकची आणि थर्माकोलची एकदा वापरून टाकायची ताटं, पेले, चमचे त्यात आले. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. वर 1 जुलै 2022 पासून केंद्राचीही बंदी आहे. म्हणजे तुमच्या ओढ्यातले ते पातळ ग्लास मुळात दुकानातच यायला नकोत.

कळवण्याचं पत्र द्याच. दंडाच्या भीतीने नव्हे, तर पत्राच्या पोचेवर घंटागाडीची वेळ लिहून घेता येते म्हणून. काल्याच्या दिवशी दुपारी तीनला एक खेप आणि संध्याकाळी सहाला एक, असं तोंडी ठरलेलं त्या दिवशी कुणाला आठवत नाही.

बारवकाठ (सोमवार, दुपारी १.२०)

बुवा, द्रोणाचा हिशोब डोक्यातच आला नव्हता. आज कमिटीत मांडतो. आमटी सोडायला मात्र म्हातारी मंडळी तयार होणार नाहीत, आमच्या आमटीचं पंचक्रोशीत नाव आहे.

'पर्यावरणपूरक' पत्रावळ खरंच तशी आहे का, हे कसं ओळखायचं?

कंपोस्टकाका (सोमवार, दुपारी ३.४५)

सोपं आहे. नमुन्याची एक पत्रावळ रात्री बादलीत भिजत घाला. सकाळी चोळा. कागद असेल तर लगदा होईल, आणि चमकणारा पापुद्रा अखंडच्या अखंड हातात येईल. तो प्लास्टिकचा. पांढरी असो, चंदेरी असो, हिरवी पानाच्या छापाची असो, पाणी न झिरपण्यासाठी वर थर दिलेला असला की हेच होणार. चहाच्या कागदी कपालाही आतून तोच थर असतो.

पळसाच्या म्हणून मशिनवर दाबलेल्या मिळतात त्याही उलटून बघा. पानाखाली पुठ्ठा आणि दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पातळ कागद असतो बऱ्याचदा. काडीने टाचलेली जुनी पत्रावळ मिळाली तर उत्तम, पण चैत्राच्या सुरुवातीला पळसाला फुलं असतात, पानं नसतात. वाळवून ठेवलेला माल आतापासून सांगून ठेवावा लागेल. सुपारीच्या विरीची ताटं चांगली, पण तुमच्या बजेटात तीन हजार बसणार नाहीत. उसाच्या चिपाडाची मधल्या भावात बसतात.

आणि 'कंपोस्टेबल' छापलेली पिशवी किंवा पेला घेऊन फसू नका. त्यातला बराच माल मोठ्या प्रकल्पात, पन्नास-साठ अंश उष्णता टिकून राहिली तरच कुजतो. गावच्या खड्ड्यात वर्षाने काढलात तरी ओळखू येईल.

शेंगाचटणी (सोमवार, रात्री ९.१२)

एवढं सगळं कशाला? आमच्याकडे (जुन्नर बाजू) जत्रेच्या आमटी-भाकरीला जो तो घरून ताट आणि तांब्या घेऊन येतो. भाकरी घराघरातून गोळा होते, आमटी मोठ्या कढईत. जेवलं की ताट हातात धरून घरी. कचरा म्हणाल तर कांद्याची सालं आणि चुलीची राख.

गाडगेबाबांचं नाव सगळे घेतात आणि कीर्तनाआधी खराटा घेऊन फोटो काढतात. पण बाबा स्वतःचं गाडगं बरोबर बाळगत आणि त्यातच खात, नावसुद्धा त्यावरूनच पडलं. ते कुणी घेत नाही.

पाटलांची धाकटी (सोमवार, रात्री ९.५०)

शेंगाचटणी, अनुमोदन, पण अर्धंच. गावातली माणसं ताट आणतील. बाहेरगावाहून दिंडीतून, टमटममधून आलेले काय करतील? आणि काल्याला सुना-लेकी माहेरपणाला येतात, त्या कडेवर पोर आणि हातात ताट घेऊन कीर्तनाला बसणार का?

स्टीलची ताटं भाड्याने घ्या म्हणणारे येतीलच आता. त्यांना आधीच विचारते: घासणार कोण? काल्याच्या दिवशी टाळ-मृदंग पुरुषांकडे आणि भांड्यांचा ढीग बायकांकडे, ही आमच्या गावची रीत. पत्रावळ्या आल्या तेव्हा माझ्या सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती. पर्यावरणाचा भार परत आमच्या कमरेवर टाकणार असाल तर माझं मत पत्रावळीला.

अनंतपुरी (सोमवार, रात्री ११.०४)

मी मूळचा पंढरपूरचा, नोकरीपायी बरीच वर्षं तिरुवनंतपुरमला. इकडे 2015 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा राज्याच्या शुचित्व मिशनने 'ग्रीन प्रोटोकॉल' म्हणून पद्धत लावली. मुद्दा एकच: टाकाऊ वस्तू मैदानात येऊच द्यायची नाही. स्टीलची ताटं, धुवायचे पेले, पाणी मोठ्या भांड्यांतून. बाटली आत न्यायचीच असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून अनामत घ्यायची, परत आणलीत की पैसे परत. पुढे हीच पद्धत लग्नं, सरकारी कार्यक्रम, देवळांचे उत्सव यांत आली.

अट्टुकल पोंगलाला इथे लाखो बायका रस्त्यावर विटांच्या चुली मांडून मातीच्या मडक्यात नैवेद्य शिजवतात. संपल्यावर रस्त्याचं काय होत असेल असं वाटतं ना? महापालिका विटा गोळा करून गरिबांच्या घरबांधणीला देते. म्हणजे उरलेल्या वस्तूचं गिऱ्हाईक उत्सवाआधी ठरलेलं असतं. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणजे ओढा.

धाकट्या बाईंचा प्रश्न मात्र रास्त आहे. इकडे ताटं धुण्याचे पैसे खर्चाच्या यादीत असतात, सेवेच्या नाही.

उगाच एक (मंगळवार, सकाळी ७.३०)

वर्षातून एक दिवसाचा कचरा आणि त्यावर एवढा काथ्याकूट. ओढ्यात गावचं सांडपाणी रोज जातं, कारखान्याची मळी जाते, त्यावर धागा काढा की.

बारवकाठ (मंगळवार, सकाळी ९.१०)

@उगाच एक, मळीवर धागा काढा, मी येतो. कारखान्याच्या संचालकांना मी विचारू शकत नाही, आचाऱ्याला विचारू शकतो.

@पाटलांची धाकटी, तुमची प्रतिक्रिया कमिटीच्या ग्रुपवर जशीच्या तशी टाकली. पहिले दोन तास शांतता.

गोठ्यातला डॉक्टर (मंगळवार, दुपारी २.००)

मोकाट जनावरांचा उल्लेख वाचून लिहितो. 'उरलेलं अन्न गाईला घातलं, पुण्य लागलं' हे प्रत्येक भंडाऱ्यानंतर ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. शिजलेला भात, बुंदी, पोळ्या असलं पिष्टमय आणि गोड एकदम भरपूर पोटात गेलं की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं. जनावर खाणं सोडतं, पोट डब्ब होतं, पातळ हगवण लागते, बसतं ते उठत नाही. वेळेवर उपचार नाही मिळाले तर मरतं. पत्रावळीचा पापुद्रा आमटीच्या वासाने गिळला जातो, तो वेगळाच, आणि पोटात साचत राहतो.

भाजीची देठं, कोबीची पानं, वाटाण्याच्या शेंगा गोठ्यात खुशाल द्या. शिजलेलं द्यायचंच तर प्रत्येक जनावराला मूठ-दोन मूठ, कडब्यासोबत. उरलेल्या भाताची घमेली गाईपुढे ओतू नका.

कंपोस्टकाका (मंगळवार, संध्याकाळी ६.२५)

डॉक्टरसाहेबांनी बरं केलं. खरकट्याची जागा खड्डाच. ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब, उंचवट्यावर, कुणाच्या तरी शेताच्या बांधाला. चार फूट रुंद, तीन फूट खोल, लांबी लागेल तशी. तळाला तुरीच्या काटक्या किंवा पाचट वीतभर. मग खरकटं. पण ते आधी पाटीत निथळून घ्या, आमटीचं पाणी खड्ड्यात गेलं की सडतं आणि वास सुटतो. खरकट्याच्या एका पाटीला कोरड्याच्या दोन पाट्या: पाचट, भुसा, गोठ्यातली उष्टावळ. त्यावर शेणकाला शिंपडा, परत थर. शेवटी चार बोटं माती आणि वर काट्या, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. दर पंधरवड्याला वर-खाली. पावसाळ्याच्या तोंडाला खत.

चिपाडाची ताटं अखंड टाकलीत तर एकावर एक चिकटून बसतात, मध्ये हवा जात नाही. फाडून टाका. पोरांना हे काम फार आवडतं.

पाचट आधी आणून ठेवा. खरकटं आयत्या वेळी हजर होतं, पाचट होत नाही.

खडकवासलेकर (मंगळवार, रात्री १०.४०)

पुण्यात विसर्जनाच्या घाटांवर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका निर्माल्य गोळा करायला उभ्या असतात. दोनदा बघितलंय: कलश ठेवलेला असतो तिथे लोक पिशवीसकट टाकून जातात. शेजारी बाई उभी असली की थांबतात, फुलं वेगळी, पिशवी वेगळी, मखराचा तुकडा वेगळा करून देतात. ती काही बोलतही नाही. नुसती हात पुढे करते.

तेव्हा त्या वीस डस्टबिनांपैकी चार घ्या, आणि दात्याचं नाव त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या पोरांच्या सदऱ्यावर छापा. जागाही हात धुण्याच्या वाटेवर हवी. हात धुतल्यावर माणूस पान उचलायला परत वळत नाही.

बारवकाठ (गुरुवार, रात्री ८.५५)

कालच्या बैठकीत बराच वाद होऊन ठरलं ते असं.

आमटी राहिली. पण एकच, आणि ताटात वाटी करून. ताटं भाड्याची, स्टीलची, मध्ये खण असलेली, मंडपवाल्याकडून. गावातल्यांनी आपापलं ताट-तांब्या आणायचं, हे कीर्तनात महाराज स्वतः रोज सांगणार (शेंगाचटणी, गाडग्याचं त्यांना फार आवडलं). त्यामुळे भाड्याची ताटं दीड हजारच लागतील असा अंदाज. पंगत पाचशेची, म्हणजे घासायला वेळ मिळतो.

घासण्यावरून खरी जुंपली. शेवटी पत्रावळ, द्रोण, ग्लास यांचे वाचलेले पैसे घासणाऱ्यांना मजुरी म्हणून, स्त्री-पुरुष दोन्ही, आणि पहिली पंगत भजनी मंडळाने घासायची. हे दुसरं कसं मंजूर झालं ते मला अजून कळलेलं नाही.

पाण्यासाठी तीन टब: पहिल्यात खरकटं झाडून ताट बुडवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात कढत स्वच्छ पाणी. नळाखाली धुण्याच्या कितीतरी कमी पाण्यात भागतं. पहिल्या टबाचं पाणी झाडांना, साबणाचं शोषखड्ड्यात. प्यायला टाकीला नळ आणि पेले, पाण्यात टीसीएल (जंतू मारायची ब्लिचिंग) पावडर टाकायचं काम नगरपंचायतीच्या माणसाकडे. तेलाचे रिकामे डबे, बारदानं, पुठ्ठे भंगारवाल्याला सांगून ठेवले, त्याने आगाऊ बयाणाही दिला. शुभेच्छांच्या फ्लेक्सवर मात्र कमिटी हलली नाही. तिथे फोटो असतात.

अडलंय चहावर. रोज पहाटे काकड्याला दोन-अडीचशे चहा, कागदी कपातून.

भटकी मांजर (गुरुवार, रात्री ९.२०)

टाळ्या! चहाला काचेचे ग्लास आणि टपरीवाल्याची जाळी. दोनशेसाठी शंभर ग्लास पुरतात, काकडा काही धावत पळत नसतो.

आचारीबुवा (गुरुवार, रात्री ९.४८)

छान. एक राहिलंच. खरकट्याला ड्रम कोणते घेताय?

बारवकाठ (गुरुवार, रात्री ९.५५)

दोनशे लिटरचे निळे बॅरल, सहा. सूतगिरणीतून फुकट मिळतायत.

आचारीबुवा (गुरुवार, रात्री १०.०२)

तोंडोतोंड भरलेला बॅरल दोनशे किलोच्या आसपास जातो. टेम्पोत चढवणार कोण? चौघांनी उचलला तरी एकाचा हात सुटतो आणि सगळी आमटी मंडपात. पन्नास लिटरचे कडीवाले टब घ्या, दोघांत एक, आणि पाऊण भरला की लगेच हलवा. बॅरल पाण्याला ठेवा. आणि आत आधी काय होतं ते विचारून घ्या, फुकट मिळालेल्या बॅरलात रसायनं असतात. तसं काही असेल तर पाण्यालाही नको, सरळ परत करा.

बारवकाठ (गुरुवार, रात्री १०.१०)

टब बघतो. बॅरलांचं उद्या सकाळी विचारतो, आणि पाचटासाठी टेम्पोही उद्याच सांगून येतो.